तुरुमतीच्या पंखात शिकऱ्याची पिसं

एका जिवंत पक्ष्याच्या नावाने मी एका म्हाताऱ्या माणसाला कडुलिंबाच्या झाडापुढे हात जोडायला लावले. संपादकांनी दिवाळी अंकासाठी "कामातले अनुभव लिहा" म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा मनात हेच आलं. मग आठ दिवस मी दुसरं काहीतरी आठवायचा प्रयत्न केला. आठवलंही बरंच, पण लिहायला बसलं की तो कडुलिंब समोर येऊन उभा राहतो. म्हणून तिथूनच सुरू करतो. ज्या माणसाला हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला सांगायलाच मला तीन महिने लागले.

मी सुरतेतल्या एका जीवदया संस्थेच्या पक्ष्यांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे. बावीस वर्षं झाली. जखम धुणं, पट्टी करणं, पंख बांधणं, औषध पाजणं आणि डॉक्टरबेनचे हात कमी पडले की टाके घालणं हे माझं काम. माणसांच्या दवाखान्यात ड्रेसरला कोणी विचारत नाही. आमच्याकडे मात्र लोक मला "पक्षीवाळा प्रकाशभाई" म्हणून ओळखतात आणि रस्त्यात थांबवून पोपटाची तक्रार सांगतात. या ओळखीची मला सवय झाली, आणि सवयीतून जी खोड लागते तीही लागली. तिच्याबद्दल पुढे येईलच.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमचं वर्षभराचं काम एका पारड्यात आणि उत्तरायणचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगबाजीचे, दोन दिवस दुसऱ्या पारड्यात. त्या दोन दिवसांत अख्खं सुरत गच्चीवर असतं. खाली आमच्याकडे खोक्यांची रांग लागते. मिठाईची खोकी, बुटांची खोकी, साडीची खोकी, प्रत्येकात मांज्याने कापलेला एक जीव. बहुतेक कबुतरं. मग बगळे, ढोक, वटवाघळं. मांजा पंखाच्या पुढच्या कडेच्या पातळ कातडीत घुसतो. ती कातडी शिवता येते. पण मांजा पिसंही कापतो, आणि तिथे औषध चालत नाही. पीस हे नखासारखं असतं. तुटलं की तुटलं, पुढची पिसं झडायची वेळ येईपर्यंत नवं येत नाही.

त्यावर आमच्याकडे एक उपाय आहे, आणि तो मला दवाखान्यात सगळ्यात चांगला जमतो, हे लिहायला हरकत नसावी. आंब्याचं कलम करतात तसं पिसाचं कलम. मेलेल्या पक्ष्यांची चांगली पिसं आम्ही जपून ठेवतो. बांबूची सुईसारखी काडी तासायची, अर्धी तुटक्या पिसाच्या पोकळ दांड्यात बसवायची, अर्धी दुसऱ्या पिसात, मध्ये चिकटवायचं. पक्षी त्या उसन्या पिसावर उडतो. मग ऋतू आला की ते आपोआप गळतं आणि स्वतःचं येतं. माझ्या कपाटात बिस्किटांच्या डब्यांची ओळ आहे. कबूतर, घार, घुबड, बगळा, शिकरा अशा चिठ्ठ्या त्यांवर आहेत. तुरुमतीचा डबा नव्हता. आता आहे, आणि त्यात फक्त एक पीस आहे.

शिकारी पक्ष्यांचं आमच्याकडे वेगळंच प्रकरण असतं. संस्था पूर्ण शाकाहारी. आवारात अंडंसुद्धा आणायचं नाही. आणि घारीला पनीर देऊन तर बघा! म्हणून गल्लीपलीकडे आमची एक मागची खोली आहे. मी लिंबायतहून सकाळी दोन डबे घेऊन निघतो. एकात बायकोने दिलेली वांग्याची भाजी, दुसऱ्यात पक्ष्यांचं कच्चं मटण. आमचे ट्रस्टी काका दुसऱ्या डब्याकडे बघून दरवेळी मान वळवतात आणि म्हणतात, "एमां शुं छे, ए मारे नथी पूछवुं." मी सांगत नाही, ते विचारत नाहीत, घारी जगतात. एकदाच डबे बदलले. घारीने वांग्याला चोचही लावली नाही. माझं काय झालं ते सोडा.

तर त्या उत्तरायणची सकाळ. अकराच्या आत चाळीसेक खोकी झाली होती. रांग मोडून एक साठीचे गृहस्थ पुढे आले. अंगात बनियनवर स्वेटर, केसांवर कापसाचा बारीक भुगा. तो भुगा पाहिला की मला माणसाचा धंदा कळतो, कारण माझे वडील आयुष्यभर तोच डोक्यावर घेऊन घरी यायचे. डिंडोलीतल्या लूमच्या कारखान्यातले कारागीर. कारखान्याला इथे सगळे खातं म्हणतात. त्यांनी ग्रेच्या, म्हणजे लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या, चिंधीत एक पक्षी गुंडाळून छातीशी धरला होता. नाव सांगितलं खंडू अप्पा.

"भाऊ, ही बाई शे," ते म्हणाले. "इना नवरा तठे टाकीवर बशेल शे. सकायपाईन वरडी ऱ्हायना."

बाई म्हणजे मादी. तिचा नवरा तिकडे टाकीवर बसून सकाळपासून ओरडतोय. मला अहिराणी पूर्ण कळते, ती माझ्या घरची भाषा आहे. पण दवाखान्यात मी ती बोलत नाही. का नाही, याचं चांगलं कारण माझ्याजवळ नाही.

चिंधी उघडली. पाठ राखाडी, पोटावर बारीक आडव्या रेघा, डोक्याला तांबूस रंग, पाय पिवळे. डाव्या पंखाची कातडी फाटलेली, मधली दोन मोठी पिसं अर्ध्यातून कापलेली. पलीकडून डॉक्टरबेननी विचारलं, "प्रकाशभाई, शुं आव्युं?"

"शिकरो छे, बेन."

"शिकरा नही शे, भाऊ," अप्पा लगेच म्हणाले. "शिकराना डोया पिवया ऱ्हातस. हिना देखा. काया शेतस."

शिकऱ्याचे डोळे पिवळे असतात, हिचे पहा, काळे आहेत. एवढंच ते म्हणाले होते. मागे रांगेत हसू उठलं. मी सुई हातात घेतलेली होती आणि मान वर न करता मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अप्पा, वीस वर्षं हेच करतोय मी. तुम्ही लूम चालवा, पक्षी मला पाहू द्या."

अप्पांनी चिंधीची घडी घालून खिशात ठेवली, पत्ता लिहून दिला आणि जाताना एवढंच म्हणाले, "बरी झाली की सांगा. मी न्यायला येईन."

माझ्या वडिलांना असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो.

आता अप्पा कुठे बरोबर होते ते सांगतो, कारण कोणालाही घरबसल्या हे ओळखता येईल. शहरात छोटा शिकारी पक्षी दिसला की लोक मला फोन करतात, "भाई, गरुड आला." तो गरुड नसतो. बहुतेक वेळा शिकरा असतो. शिकऱ्याचे डोळे पिवळे, म्हाताऱ्या नराचे तर लालभडक. पंख आखूड आणि टोकाला गोल, कारण त्याला झाडाझाडांतून वळत, दबा धरून शिकार करायची असते. ससाण्याच्या जातीचं सगळं उलटं. डोळे गडद, जवळजवळ काळे. पंख लांब, विळ्यासारखे टोकदार, कारण त्याचं मैदान उघडं आकाश. वरच्या चोचीच्या कडेला एक बारीक दात असतो, सावजाची मान मोडायला. हिवाळ्यात शेतावर हवेत एका जागी फडफडत थांबणारा तांबूस पाठीचा केस्ट्रल हाही छोटा ससाणाच. आणि ज्याचं डोकं आणि मानेची मागची बाजू विटकरी, पाठ निळसर राखाडी, शेपटीच्या टोकाला काळा पट्टा, ती तुरुमती. कबुतराएवढा जीव. बारा महिने इथेच राहणारी आणि जोडीने जगणारी. हे सगळं मी त्या सकाळच्या कितीतरी आधी पुस्तकातून शिकलेलो होतो. तरी रजिस्टरात शिकरा लिहिलं.

कातडीला सात टाके घातले. दुसऱ्या दिवशी कलम करायला घेतलं आणि शिकऱ्याचा डबा उघडला. डब्यातली पिसं काही केल्या नीट बसेनात. रुंदीला जास्त, लांबीला थोडी कमी, आणि पट्टे वेगळे. पक्षी मला सांगत होता. मी कात्रीने कडा कापल्या आणि बसवली. कलम मजबूत झालं, एवढं मात्र खरं.

दोन दिवस तिने काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी खाऊ लागली, आणि मग असं खाल्लं की मी दोन डब्यांचे तीन केले. तेराव्या दिवशी ती मागच्या खोलीत या भिंतीवरून त्या भिंतीवर सरळ रेषेत जाऊ लागली.

शिकारी पक्षी जिथे सापडला तिथेच सोडायचा, हा नियम मी दरवर्षी नव्या कार्यकर्त्यांना फळ्यावर लिहून समजावतो. त्याचा इलाका असतो, जोडीदार असतो. पण तिला सोडायचं त्या सकाळी टेम्पो डुमसकडच्या मोकळ्या रानात निघाला होता. त्यात तीन शिकरे होते. मी चौथं खोकं ठेवलं. डिंडोलीला वेगळी फेरी कोण मारणार?

शिकरा सोडला की जवळच्या झाडात घुसतो. तिघे घुसले. ही घुसली नाही. खोकं उघडलं तशी पंखांच्या झपाट्याने सरळ वर चढली, उघड्या आकाशात एक गोल घेतला आणि पूर्वेकडे निघाली. इतकी वेगात की टेम्पोवाला म्हणाला, "अरे वा!" मीही म्हणालो असेन. मग रिकामं खोकं मिटून टेम्पोत टाकलं.

त्याच दुपारी अप्पा आले. त्यांना कोणी कळवलं नव्हतं. त्यांनीच दिवस मोजले होते. शिफ्ट बुडवून, दोन रिक्षा बदलून आले होते, आणि हातात जुन्या टोपलीला जाळी शिवून केलेला पिंजरा होता. टोपलीत खाली तीच ग्रेची चिंधी अंथरलेली.

"झाली का बरी?" ते म्हणाले. "तो रोज टाकीवर बसतोय."

आवारात ट्रस्टी काका पाहुण्यांना दवाखाना दाखवत होते. खरं सांगितलं असतं तर अप्पा दोन शब्द बोलले असते, काकांनी ऐकलं असतं. एवढीच भीती. तिच्यासाठी मी म्हणालो, "अप्पा, वाचली नाही ती."

त्यांनी पिंजरा हळूच खाली ठेवला. मग विचारलं, "कुठं पुरली?"

मी बोट केलं. मागच्या कुंपणाजवळचा कडुलिंब. अप्पा तिथे गेले. चपला काढल्या. हात जोडून उभे राहिले. मग परत येताना माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "तुम्ही लई केलं असेल, भाऊ." आणि रिकामा पिंजरा घेऊन गेले.

त्या दिवसापासून मी त्या कडुलिंबाखालून जाणं सोडलं. सायकल लांबून घालायचो.

फेब्रुवारी सरता सरता अप्पा पुन्हा दारात उभे. पिशवीत पाय मोडलेला होला. मी होल्याच्या पायाला पट्टी बांधत होतो, नजर वर करायची हिंमत नव्हती. पण अप्पा दुःखात नव्हते. रागात होते. त्यांचं पुढचं बोलणं मी सगळ्यांना कळेल अशा मराठीत देतो. मूळ अहिराणीतल्या शिव्या छापण्यासारख्या नाहीत.

"त्या मुकादमाचं ऐकलं का?"

"कोणता मुकादम?"

"आपल्या टाकीवरचा! दिवसभर वर बसून खाली सगळ्यांवर नजर ठेवतो म्हणून आमच्या मंडळींनी त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. अन् ती मुकादमीण. मंडळी गच्चीवर कुरडया वाळत घालायची तेव्हा पहिल्यांदा तिलाच दिसली ही जोडी. मंडळी वारली, चार वर्षं झाली. मला सगळ्यांनी सांगितलं, अप्पा दुसरं करा. केलं का मी? नाही केलं. आणि हा! बायको जाऊन महिना नाही झाला, तर दुसरी आणली! शेजारी चिकटून बसतो. मला लाज वाटते, त्याला वाटत नाही."

मी बांधलेली पट्टी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"या एकदा," अप्पा म्हणाले. "तुम्ही शिकलेले. त्याच्या या बयेचं काय ते सांगा."

रविवारी संध्याकाळी मी दुर्बीण घेऊन डिंडोलीला गेलो. लूम बंद असली की त्या गल्लीत एक वेगळीच शांतता असते, कान दुखतील अशी. गच्चीवर सुताचे रिकामे बॉबिन, वाळत घातलेल्या चादरी, आणि अप्पांच्या खात्यातला सोपान चहाची किटली घेऊन. हा सोपान जीभ जपून न वापरणारा माणूस.

"या साहेब," तो म्हणाला. "आमच्या अप्पांच्या सवतीला बघायला आले का?"

"गप रे," अप्पा म्हणाले.

टाकीच्या कठड्यावर नर बसला होता. विटकरी टोपी घातल्यासारखं डोकं, आणि काळे डोळे. दुर्बिणीतून पहिल्याच क्षणी कळलं. तुरुमती. शिकरा कधीच नव्हता. मादी शेजारच्या इमारतीवरच्या मोबाईल टॉवरवर, कावळ्याच्या जुन्या घरट्याशी. ही जात स्वतः घरटं बांधत नाही. कावळ्याचं सोडलेलं घेते, आणि मग त्याच कावळ्याला जवळ फिरकू देत नाही.

सूर्य खाली गेला तशा पाकोळ्या गल्लीवर घिरट्या घालू लागल्या. नर उठला. पाकोळ्यांच्या थव्याच्या मागे खालून घुसला, आणि थवा घाबरून वर आला. वर ती तयार होती. पंख मिटून पडली, एक टिच् असा आवाज झाला, आणि हवेत चार पिसं तरंगत राहिली. दोघांनी मिळून केलेली शिकार. कोणी कोणाला हाक मारली नव्हती. बावीस वर्षं मी पक्षी हातात धरले. असे उडताना फार कमी पाहिले. मी चक्क टाळी वाजवली. सोपानही वाजवू लागला.

सावज घेऊन ती आमच्या डोक्यावरून गेली. मी दुर्बीण वर केली. डावा पंख उघडा, मावळतीचा उजेड आरपार. मध्यावर दोन पिसं इतरांपेक्षा रुंद, थोडी आखूड, पट्टे वेगळे, कडा कात्रीने कापलेल्या.

ती कात्री माझी होती.

मला आधी आनंद झाला, हे मला इथे नमूद करायचं आहे. डुमसच्या रानातून ती अख्खं शहर ओलांडून आली होती, माझ्या चुकीच्या पिसांवर. माझं हसू फुटलं. मग अप्पा शेजारून म्हणाले, "बघितलीत बया? पहिलीची सर आहे का हिला?" आणि हसू तिथेच थांबलं.

तेव्हाच सांगायचं. नाही सांगितलं. जिना उतरताना सांगू म्हटलं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबेनना सांगितलं. त्यांनी शांतपणे रजिस्टर पुढे केलं. मी शिकरा खोडून तुरुमती लिहिलं.

"रजिस्टर तो सुधर्युं," त्या म्हणाल्या. "अप्पाने कह्युं?"

"कहीश, बेन." अप्पांना सांगेन म्हणालो.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी मी डिंडोलीला जात राहिलो. मला वाटायचं मी सांगायला जातोय. खरं तर बघायला जात होतो, आणि ते माझ्या आयुष्यातले फार चांगले रविवार होते. मार्चमध्ये मादी घरट्यात बसली. मग सगळी शिकार नरावर. तो सकाळ-संध्याकाळ चिमणी, मुनिया, कधी तिन्हीसांजेला छोटं वटवाघूळ घेऊन येई, टाकीवर बसून पिसं सोली, आणि किर्रर्र-किर्रर्र अशी हाक देई. ती उठून येई, त्याच्याकडून घेई, कठड्यावर बसून खाई. तेवढा वेळ हा अंड्यांवर जाऊन बसे. अप्पांनी सगळ्या वेळा पाठ केल्या होत्या. घार टॉवरजवळ आली की दोघं मिळून तिला असं झोडपत की सोपान खालून ओरडे, "मार! मार! हप्ता मागायला आली होती!"

एका रविवारी सोपानने अप्पांपुढे चहा धरत म्हटलं, "अप्पा, मुकादमाचं बघा किती छान चाललंय. तुम्ही पण करून टाका."

"तोंड आवर," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बया कामाची आहे, मी नाही म्हणत नाही. पण पहिलीचा रुबाब वेगळा होता. ती माझ्याकडे बघायची. ही बघत नाही."

ती कठड्यावरून सरळ अप्पांकडेच बघत होती. मी चहा प्यालो.

मुकादमीण हे नाव त्यांनी तिला दिलं नव्हतं. मुकादमाशीही बोलणं बंद केलं होतं. पूर्वी सकाळी शिफ्टला जाताना त्याला राम राम घालायचे. आता मान खाली घालून जायचे. आणि हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे. घरी बायकोला मी सगळं सांगितलं होतं. बायको एकदा म्हणाली, "त्या माणसाने मेलेल्या पाखरासाठी चपला काढल्या. तुम्हाला जिवंत पाखरासाठी तोंड उघडता येत नाही?"

एप्रिलच्या शेवटी टॉवरवर तीन डोकी दिसू लागली. मग एका रविवारी तिन्ही पिल्लं टाकीच्या कठड्यावर रांगेत. तपकिरी, फुगलेली, तोल सांभाळताना एकमेकांवर पडणारी. खात्यातले सातआठ जण गच्चीवर जमले होते. कोणीतरी जिलेबी आणली. नर वरून एक पाकोळी घेऊन आला आणि मुद्दाम पिल्लांसमोर लोंबकळत ठेवून उडत राहिला. मोठं पिल्लू कठड्यावरून पडल्यासारखं उडालं, गटांगळी खाल्ली, सावरलं आणि त्याच्या पायातून पाकोळी ओढून घेतली. गच्चीवर असा गलका झाला की शेजारच्या गच्चीवरच्या बायका विचारू लागल्या, "मॅच है क्या?"

त्या गलक्यात अप्पांनी माझा हात धरून मला बाजूला नेलं. खिशातून चिंधी काढली, आणि त्यातून एक पीस.

"सकाळी टाकीखाली पडलं होतं. त्या बयेचंच, माझ्यासमोर गळलं. पण भाऊ, हे बघा." त्यांनी पीस उलटं केलं. मधला सांधा उकलला होता आणि दांड्यातून बांबूची काडी बाहेर आली होती. "पक्ष्याच्या पिसात काडी कशी?"

मादी तुरुमती अंड्या-पिल्लांच्या काळातच पिसं झाडू लागते, आणि ससाण्यांमध्ये पंखाची पिसं मधल्यापासून गळतात. नेमकी मी लावलेली ती. हे मला ठाऊक होतं. कधी ना कधी गळणार हेही ठाऊक होतं. तरी एक उत्तर जिभेवर आलंच, घरट्यातली काडी अडकली असेल म्हणून. ते किती सहज आलं होतं, त्याचीच मला भीती वाटली.

"ती काडी मी घातली, अप्पा," मी म्हणालो. "ही दुसरी नाही. ही तीच आहे. ती मेली नव्हती. मी तिला डुमसकडे सोडून आलो होतो, आणि तुम्हाला खोटं सांगितलं. कडुलिंबाखाली काही नाही."

बाजूचे कारागीर जवळ सरकले. सोपानच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. अप्पा एकदा पिसाकडे, एकदा टाकीकडे बघत होते. मला वाटलं आता मारतील. मारायला हवं होतं.

त्यांचे डोळे भरले, आणि मग तो माणूस हसायला लागला. इतका की कठडा धरावा लागला. "मुकादमीण!" ते ओरडले. "अरे, ही आपली मुकादमीण! मंडळीची मुकादमीण!" मादीने मान वळवून पाहिलं. "बघा, बघतेय! सांगत होतो ना, ती माझ्याकडे बघायची!"

मग एकदम ते थांबले आणि माझ्याकडे वळले.

"अप्पा, मला माफ करा," मी म्हणालो.

"माझं नंतर. आधी त्याचं." त्यांनी टाकीवरच्या नराकडे बोट केलं. "दोन महिने मी त्याला काय काय बोललो. बेइमान म्हणालो. राम राम बंद केला. बिचारा आपल्या लग्नाच्या बायकोबरोबर बसला होता! कोणामुळे बोललो?"

"मागा, साहेब, मागा," सोपान म्हणाला. "जोरात. वर ऐकू जायला पाहिजे."

मी चपला काढल्या. अप्पांनी कडुलिंबापुढे काढल्या होत्या तशा. सातआठ कारागिरांसमोर, पन्नाशीला आलेला माणूस, मी टाकीकडे तोंड करून हात जोडले आणि म्हणालो, "मुकादम, चूक माझी आहे. अप्पांचा तुमच्यावर राग नाही. तुमच्या घरात भांडण मी लावलं." नराने पाकोळीचं उरलेलं एक पीस चोचीतून झटकलं. सगळे हसले. पिल्लं त्या आवाजाने दचकून एकमेकांवर पडली. अप्पांनी त्याला दोन महिन्यांचे सगळे राम राम एकदम घातले.

पण एक राहिलं होतं, आणि ते त्या गलक्यात सहज दडपता आलं असतं. अप्पा जिलेबीचा तुकडा माझ्यापुढे धरून उभे होते. वीस वर्षं बाहेर न काढलेली घरची भाषा माझ्या तोंडातून आपोआप आली.

"अप्पा, तिना डोया कायाच व्हतात. माले त्याच दिन दिसेल व्हतात. दिसेल व्हतात, तरी मी तुम्हले लूम चालावाले सांगं. मी चुकनू. माले माफ करा."